जीपवाल्यानं पाहिलेली शर्यत

लोहाऱ्याच्या स्टँडवरचा हा जीपवाला गेली दहा वर्षं मला "निघालोच" म्हणतोय. पंधरावा माणूस बसल्याशिवाय तो चावी फिरवत नाही. माळावरची मोटारींची शर्यत लेकीला दाखवायला आम्ही त्याच्याच जीपमधून गेलो. रिकामी जीप परत नेणं त्याच्या जिवावर आलं, म्हणून तोही थांबला.

मोटारी धुरळा उडवत घुमू लागल्या. लेक टाळ्या पिटत होती. हा मात्र वाकून वाकून प्रत्येक मोटारीच्या आत बघत होता.

"एकाएका गाडीत एकच माणूस," तो हळहळला. "अन् फिरून फिरून तिथंच यायलेत."

"काका, पहिला कोण येणार?" लेकीनं विचारलं.

"जो भरून निघंल त्यो."

शर्यत संपल्यावर जीपमध्ये आम्ही तेरा जण बसलो. तेवढ्यात जिंकलेला गडी चषक घेऊन पळत आला. त्याची मोटार बंद पडली होती. जीपवाल्यानं आम्हाला सरकवून त्याला मधल्या सीटवर कोंबलं आणि चषक लेकीच्या मांडीवर दिला.

"दादा, जरा लवकर चला," गडी म्हणाला.

"निघालोच," असं म्हणून जीपवाला चावी खिशात घालून खाली उतरला.