मधमाशीचे गुडघे आणि सासरेबुवा

सौदी अरेबियात दारू मिळत नाही, ही गोष्ट माझ्या सासऱ्यांना विमानातून उतरल्यावर कळली.

म्हणजे ऐकून माहीत होती. पण जावयाने काहीतरी सोय केलेली असेलच, असा त्यांचा समज होता. (जावई इंजिनियर आहे म्हटल्यावर माणसं काहीही समजतात.) सासरे नाशिकचे, निवृत्त हेडमास्तर. रोज संध्याकाळी सातला जिनचे दोन पेग, तेही औषधासारखे मोजून. सासूबाई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच आमच्याकडे, खमीस मुशैतला, तीन महिन्यांसाठी आले होते. पाचव्या दिवशी त्यांनी बॅग भरायला घेतली.

"इथे संध्याकाळ संपतच नाही हो, जावईबापू," ते म्हणाले.

मधुरा, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरात जाऊन रडली आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "काहीही कर, पण बाबा राहिले पाहिजेत."

'काहीही कर' असं इंजिनियरला कधी सांगू नये. मी इंटरनेट धुंडाळलं. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत दारूबंदी होती, तेव्हा लोक घरच्या घरी भयंकर जिन करायचे आणि तिची चव मारायला मध-लिंबू घालायचे. त्या कॉकटेलचं नाव 'बीज नीज', म्हणजे 'मधमाशीचे गुडघे'. त्यांना दारूची चव लपवायची होती, मला ती दारूशिवाय आणायची होती. फरक किरकोळ! (असं म्हणणाऱ्या माणसाच्या ताब्यात इथल्या एका सिमेंट कारखान्याची भट्टी आहे.)

जिनला वास येतो तो जुनिपरच्या फळांचा, आणि आमच्या गावाबाहेरचे डोंगर जुनिपरनेच भरलेत. इथे त्याला अरार म्हणतात. बाजारातल्या जडीबुटीवाल्याकडून पाव किलो फळं आणली, धणे आणि लिंबाची साल टाकून कुकरला लावली. तिसऱ्या शिट्टीला घरभर असा काही वास सुटला, की माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, डोळ्यांसमोरून उडत गेला. मी धावत खिडक्या लावल्या.

सात वाजता मध आणि बर्फ घालून सासऱ्यांपुढे ग्लास ठेवला.

"घरची आहे. जास्त विचारू नका," मी म्हणालो. (यात एकही शब्द खोटा नाही.) मधुरालाही खरं सांगितलं नव्हतं. नवरा आपल्या बापासाठी एवढा धोका पत्करतोय, हे तिला फार आवडलं होतं.

सासऱ्यांनी वास घेतला, घोट घेतला, डोळे मिटले. "आहे," ते म्हणाले.

तेवढ्यात बेल वाजली. दारात घरमालक अबू सालिम. खालीच राहतात, मजुरांकडून हिंदी शिकलेत. मी उरलेल्या पेयाचा काचेचा जग वॉशिंग मशीनमध्ये कोंबला आणि दार उघडलं.

"सदीक, ये क्या पकाता?" त्यांनी नाक वर करून विचारलं. (सदीक म्हणजे मित्र.) ते वासाच्या मागावर थेट मशीनपाशी गेले, जग बाहेर काढला, हुंगला. माझे गुडघे मधमाशीपेक्षा बारीक झाले.

"अरार!" त्यांचा चेहरा खुलला. "मेरा अम्मी पेट के लिए देता था." हॉलमध्ये उभ्याउभ्याच त्यांनी दोन ग्लास रिचवले. अजान झाली तसे मला दुवा देत नमाजाला निघून गेले. मी चपलांच्या स्टँडवर बसलो.

"अरे ए," सोफ्यावरून आवाज आला. "इकडे ये. बस."

अरे ए! बारा वर्षं या माणसाने मला 'जावईबापू' आणि 'आपण' याखाली बोलावलं नव्हतं. आमच्याकडे जावयाला ताटाभोवती रांगोळी काढून जेवू घालतात. त्याला बोलत कोणी नाही.

"तुझ्या काकाने लग्नात मानपानाच्या सफारीच्या कापडावरून मांडव डोक्यावर घेतला, तेव्हा तू शेजारी उभा राहून आइस्क्रीम खात होतास."

"बाबा, पुरे," नुकतीच गच्चीवरून कपडे घेऊन आलेली मधुरा म्हणाली.

"थांब गं. आणि तुझी सासू आजारी होती, तेव्हा रजा मिळाली नाही म्हणालास. मागितली होतीस का?"

मागितली नव्हती. मला खरंच लाज वाटली.

"मनावर घेऊ नकोस," मधुरा नंतर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. "बाबा शुद्धीत नव्हते." आता हिला काय सांगू? त्या ग्लासात मध, लिंबू आणि पोटाचं औषध होतं. अख्ख्या खमीस मुशैतमध्ये तेव्हा इतका शुद्धीत माणूस दुसरा नसेल.

सकाळी चहाला मी हळूच विचारलं, "काल जरा जास्त झाली का?"

"जावईबापू," ते म्हणाले, "घरमालक दोन ग्लास पिऊन नमाजाला गेले. मी काही आंधळा नाही."

"मग तुम्ही ते सगळं..."

"बारा वर्षांचं साठलं होतं. शुद्धीत असताना जावयाला बोलता येतं का?" त्यांनी बशीत चहा ओतला. बॅग रिकामी होऊन पलंगाखाली गेली होती. "आज सातला पुन्हा करा. अजून साखरपुड्याचं राहिलंय. तीन महिने पुरायचे नाहीत मला."

मी व्हिसा वाढवायचा अर्ज भरला आणि येताना एक किलो अरार घेऊन आलो. स्वतःचा अपमान स्वतः उकळून, गाळून, वर मध घालून सासऱ्यांच्या हातात देणारा जावई आमच्या घराण्यात मी पहिलाच.