सीताराम गुरुजी वाचायचे तेव्हा

सीताराम गुरुजी जाहीरनामा वाचताना कागदाकडे कमी आणि बायांच्या हातांकडे जास्त पाहत.

सिहोऱ्यात विड्यांचे ठेकेदार पुंडलिकराव यांच्या घरापुढच्या सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, गावातल्या बाया मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायच्या. प्राथमिक शाळा सुटली की गुरुजी तिथे खांबाला टेकून बसत आणि त्यांना मोठ्यानं वाचून दाखवत. एरवी वर्तमानपत्र असे. निवडणूक आली की जो जो पक्ष गावात कागद वाटेल, त्या त्या पक्षाचा जाहीरनामा. बायांना मत द्यायचं होतं आणि बहुतेकींना वाचता येत नव्हतं, एवढंच त्यामागचं कारण. गुरुजी सगळे कागद एकाच आवाजात वाचत. आवडलेल्याला चढा सूर नाही, नावडलेल्याला खालचा नाही.

कागद चांगला की वाईट, हे ते हातांवरून ठरवत. वाचन कंटाळवाणं झालं की बायांचे हात आपोआप भरभर चालत. ऐकण्यात मन गुंतलं की तेंदूचं पान कातरीतच राही. पुंडलिकरावांना हे कधी कळलं नाही. आणीबाणी उठल्यावरच्या निवडणुकीत त्यांनी आपल्या उमेदवाराचा जाडजूड जाहीरनामा आणून दिला आणि स्वतः दारात उभे राहिले. पहिल्या पानावरच बायांच्या हातांनी वेग घेतला. पुंडलिकराव खूश झाले. "पाहा गुरुजी, कशा जोशात आल्या बाया. आनखी वाचा."

गुरुजींनी शेवटच्या पानापर्यंत वाचलं. त्या दिवशी विड्याही नेहमीपेक्षा जास्त झाल्या, त्यामुळे पुंडलिकराव दुप्पट खूश. ते आत गेल्यावर जाईबाई म्हणाली, "गुरुजी, रोज हेच वाचत जा. सूप लवकर भरते." जाईबाई त्या सपरीतली सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत फटकळ.

गुरुजींचे शेरे गावात तोंडोतोंडी होते. 'सर्वांगीण विकास' हे शब्द आले की ते थांबत आणि म्हणत, "कोन्तं अंग ते सांगत नाही म्हनून सर्वांगीन." एका पक्षानं तलावांच्या बांधांची दुरुस्ती करू असं लिहिलं होतं. त्यावर त्यांनी विचारलं, "आपल्या तलावाची पार फुटून किती वर्सं झाली, ह्याले मालूम आहे का? मालूम असतं तर नाव लिहिलं असतं." पण ज्या पक्षाला ते स्वतः कधीच मत देणार नव्हते, त्याच्या कागदात शाळेतल्या मुलींविषयी एक सरळ वाक्य होतं. ते त्यांनी दोनदा वाचलं. "मानूस आवडत नाही म्हनून त्याचं चांगलं वाक्य फेकून द्याचं नाही गा," असं मला म्हणाले.

मला म्हणाले, कारण मी त्यांचाच विद्यार्थी. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील कोणत्याही सभेहून खिसाभर पत्रकं आणत, आई ती फळीवर अंथरे आणि डबे उचलून उचलून मी ती वाचत असे. भंडाऱ्याला कॉलेजात गेलो तोवर जगातला प्रत्येक प्रश्न पत्रकानं सुटतो अशी माझी खात्री झाली होती. अजूनही ती पुरती गेलेली नाही.

त्या सपरीत माझ्या डोळ्यांत सलणारी गोष्ट होती छाट. वळलेल्या विड्या तपासताना ठेकेदाराचा माणूस काही विड्या वाईट म्हणून बाजूला टाकी. त्यांची मजुरी मिळत नसे आणि विड्याही परत मिळत नसत. त्या पुढे विकल्या जातात हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी त्यावर दोन पानी पत्रक लिहिलं, तुमसरहून छापून आणलं आणि गुरुजींसमोर ठेवलं.

गुरुजींनी ते दोनदा वाचलं. "तू रागावला आहेस, हे समजलं. पाहिजे काय, हे समजाले दुसऱ्या पानाच्या खाली जावं लागते."

"गुरुजी, व्यवस्था बदलल्याशिवाय छाट थांबणार नाही."

"बरं. मंग ती व्यवस्था सिहोऱ्यात कोनाच्या घरी राहाते, ते लिही. तिच्या घरी जाता येईन."

मला राग आला. मी म्हणालो, "तुम्ही सगळ्यांचं एकाच आवाजात वाचता. तुमची स्वतःची बाजू कोणती, हे एकदा तरी सांगा."

त्यांनी पत्रक पुन्हा उचललं. दुसऱ्या पानाच्या तळाशी मी एक ओळ लिहिली होती: छाटलेली विडी वळणारीच्या समोर मोडा. तिच्याखाली त्यांनी नखानं रेघ ओढली. "हे वर आन. हेच ठेव. मी वाचतो."

ही गोष्ट पुंडलिकरावांच्या कानावर गेली. ते शाळेत आले आणि माझ्यादेखत म्हणाले, "गुरुजी, पक्षाचं वाचा, आमची ना नाही. या पोराचं वाचलं तर बदली समजा. घरी म्हातारी आहे, इचार करा." गुरुजींची आई तेव्हा अंथरुणावर होती. तिला शेजारपाजारच्या बायाच पाहत, त्या सपरीतल्याच.

मी गुरुजींना म्हणालो, "राहू द्या. मी वाचतो."

"तू वाचशीन तं ते तुयं भाषन होईन," गुरुजी म्हणाले. "सगळ्यांचे वाचले आनि तुयं नाही वाचलं, तं मी वाचनारा कायचा?"

दुसऱ्या दिवशी ते खांबाला टेकून बसले आणि त्याच आवाजात, जाहीरनामे वाचत तसंच, त्यांनी ते एका ओळीचं झालेलं पत्रक वाचलं. हात थांबले. सगळ्यांचे. पुंडलिकराव दारात उभे होते. त्यांना वाटलं, बायांना पटलं नाही. ते हसत हसत आत गेले. शनिवारी तपासणीला जाईबाईनं छाटलेल्या विड्यांवर हात ठेवला. "आमच्यासमोर मोडा. नाही तं आजपासून पानाले हात लावत नाही." बाकीच्या तिच्यामागे उभ्या राहिल्या. विड्या मोडल्या गेल्या.

पुढच्याच महिन्यात गुरुजींची बदली दिघोरीला झाली. जिल्ह्याचं दुसरं टोक. आईला बैलगाडीत गादी घालून एस.टी.पर्यंत आणलं. बाजू विचारणारा मी, त्यांची पिशवी घेऊन मागून चालत होतो.

त्याआधी सपरीत निरोप झाला. काम सोडून उठणं परवडणारं नव्हतं म्हणून बाया वळता वळताच ऐकत होत्या. मी भाषण लिहून आणलं होतं. संघर्ष, त्याग, इतिहास, सगळं त्यात होतं. पहिल्या परिच्छेदातच माझं लक्ष बायांच्या हातांकडे गेलं. ते भराभर चालत होते. गुरुजीही तिकडेच पाहत होते आणि मिशीत हसत होते. मी कागदाची घडी घातली आणि विचारलं, "गुरुजी, उद्यापासून वाचणार कोण?"

हात थांबले.

जाईबाईनं कातर खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तूच वाच गा. पन स्वतःचं लिहिलेलं नको आनू."