खंडेनवमीला उघडलेली पेटी

चालू यंत्राच्या पोटातून चार डिस्का ओढून काढल्या, त्यांना पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं, आणि यंत्र बोंब मारायला लागलं तेव्हा घंटा आणखी जोरात वाजवली. हे करणारी बाई मीच. वयाची सबब सांगणार नाही. तेव्हा मी सत्तरीला टेकले होते. अक्कलदाढ येऊन पडूनही गेली होती, अक्कल तेवढी यायची राहिली होती.

पेटी होती टीव्हीशेजारी, पावाच्या डब्याएवढी, काळी. मुलाने आणली होती. घरात प्रत्येकाचा लॅपटॉप वेगळा, फोन वेगळा, आणि हवी ती गोष्ट नेमकी दुसऱ्याच्या फोनमध्ये. म्हणून ही पेटी वायफायला जोडली आणि सगळ्यांनी आपलं सामान तिच्यात ठेवायचं ठरलं. मुलाचा एक कप्पा, सुनेचा एक, माझ्या भजनांचा एक, आणि एक सगळ्यांचा. मी विचारलं होतं, "बिघडली तर?" मुलगा म्हणाला, "आई, आत चार डिस्क आहेत. एक गेली तरी उरलेल्या तिघी तिचं काम सांभाळतात." मला ते फार आवडलं. चार जावांचं घर असावं तसं. त्यातून मी जो अर्थ काढला तो असा, की ही पेटी भलतीच सोशिक आहे.

सुनेचा कप्पा सगळ्यांत मोठा. तिने त्या वर्षी आयटी पार्कातली नोकरी सोडून लग्नाच्या फिल्म करायला घेतल्या होत्या. पहिलंच काम बेंगळुरातल्या बसवनगुडीच्या एका मुलीचं, श्रावणातल्या लग्नाचं; इकडे श्रावणातही लग्नं लागतात. दसरा झाला की मुलगी नवऱ्याकडे परदेशी जाणार होती आणि त्याआधी फिल्म हवी होती. चित्रीकरण सगळं पेटीत. कॅमेरावाल्यांनी आपली कार्डं पुसून पुढच्या लग्नाला नेली होती. म्हणजे त्या मुलीच्या लग्नाची एकच प्रत जगात होती, आणि ती आमच्या टीव्हीशेजारी.

हे मला माहीत नव्हतं का? होतं. सूनबाईने जेवताना दोनदा सांगितलं होतं.

खंडेनवमीला बेंगळुरात काय चालतं ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. आयुधपूजा म्हणजे बसला केळीचे खांब, रिक्षाला झेंडूच्या माळा, लिफ्टला कुंकू, रस्तोरस्ती फोडलेले कोहाळे. आमच्या माहेरी निपाणीकडे वडिलांची पिठाची गिरणी होती. तिथली रीत वेगळी. ते आदल्या दिवशी पट्टा उतरवत, जात्याची वरची दगडी तळी उचलत, आतलं सगळं पुसून काढत, मग हळदकुंकू. म्हणायचे, "तलवार म्यानात ठेवून कोणी पुजतं का? यंत्राला उघडून नमस्कार करायचा." लग्नानंतरही शिवणयंत्र, मिक्सर, पंखा, सगळं मी सुटं करून पुजलं, आणि पुन्हा जोडून चालवलं. त्याची मला केवढी घमेंड!

त्या सकाळी मुलगा ऑफिसच्या कामाने पुण्याला गेलेला. सूनबाई गाडीसाठी कोहाळा आणि फुलं आणायला के. आर. पुरमच्या बाजारात गेली. मी शिवणयंत्र उरकलं, मिक्सर उरकला, आणि माझी नजर पेटीवर गेली. पुढून चार छोटे दरवाजे. एक दाबला तर ड्रॉवरसारखा बाहेर आला. इतकं सोपं, की मला वाटलं पूजेसाठीच केलंय.

दिवे लुकलुकत होते. बटण बंद करावं असं मनात आलंच नाही. पहिली काढली तशी पेटी ओरडायला लागली. टीं, टीं, टीं. मला वाटलं, नवी आहे, बिचकली. दुसरी काढली, तिसरी काढली, चौथी काढली. पाटावर ओळीने मांडल्या, ओल्या फडक्याने पुसल्या, ओलं कुंकू लावलं. ओरडणं थांबेना म्हणून घंटा जोरात वाजवली. मग चारही परत आत सारल्या, हाताला येतील तशा. पेटी गप्प झाली, पण हिरवे दिवे लाल झाले. मी मनात म्हटलं, कुंकवाने शोभतायत.

सूनबाई आली, हातपाय धुतले, लॅपटॉप उघडला. पाचेक मिनिटं कळा दाबत राहिली.

"आई, पेटीला हात लावला होता?"

पेटीच्या छोट्या दरवाजांवर माझ्या बोटांनी लागलेल्या कुंकवाकडे मी पाहिलं. "फक्त पुसलं गं."

"फक्त पुसलं?"

"फक्त पुसलं. मध्ये लाइट जाऊन आली बहुतेक."

लाइट गेली नव्हती. हे वाक्य कुठून आलं मला आजही सांगता येत नाही. तोंडातून निघालं आणि समोर जाऊन बसलं.

तिने मुलाला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. तो म्हणाला, "एकदम दोन-तीन डिस्क डाऊन? असं होत नाही गं. पॉवर सर्ज असेल, एकदम जादा वीज आली असेल. बंद करून ठेव, पुन्हा चालू करू नकोस. आई कुठेय?"

"इथेच आहेत."

"आई, तू ठीक आहेस ना? शॉक वगैरे नाही ना बसला?"

माझी काळजी करत होता. मी म्हटलं, "मी सरी आहे रे, बरी आहे."

डेटा परत काढून देणारी दोन-तीन दुकानं तिने फोनवर शोधली. एका दुकानात उचलला. बाई होती. माझी सून हिंदीत बोलायला लागली, तिकडून कन्नडमध्ये उत्तर आलं, म्हणून फोन माझ्या हातात दिला. ती बाई म्हणाली, "आज कसं जमेल अम्मा? आज आयुधपूजा. माझे सगळे स्क्रू-ड्रायव्हर देवापुढे आहेत. उद्या सकाळी उचलल्यावर या."

बरोबरच होतं. माझंही शिवणयंत्र देवापुढेच होतं. सूनबाईला सांगितलं, "उद्या." ती खुर्चीत बसून राहिली. गाडीला माळ घातली नाही, कोहाळा फोडला नाही. तो स्वयंपाकघरात दाराआड पडून होता. जेवायला वाढलं तर म्हणाली, "तुम्ही जेवा, आई." इतकी अदबीने बोलणारी सून मला एरवी आवडली असती. त्या दिवशी मीही ताट झाकून ठेवलं. सांगावं असं कितीदा वाटलं, पण प्रत्येक वेळी वाटायचं, उद्या ती बाई आपोआप दुरुस्त करील आणि मग सांगायची गरजच उरणार नाही. बघा, किती धोरणी होते मी.

सकाळी रिक्षात पेटी आमच्या दोघींच्या मध्ये, टॉवेलात गुंडाळलेली. रिक्षाला माळा इतक्या की ड्रायव्हरअण्णाला बाहेरचं दिसत नसावं. सूनबाई बाहेर रस्त्याकडे तोंड करून. एकदाच बोलली, ती माझ्याशी नव्हे, स्वतःशी. "त्या मुलीला काय सांगू? पुन्हा लग्न कर?"

दुकान वरच्या मजल्यावर. बाई तिशीतली, कपाळाला ताजं कुंकू, टेबलावर चुरमुऱ्यांचा प्रसाद. तिने पेटी फिरवून पाहिली. सूनबाई म्हणाली, "लाइट गेली होती, आई म्हणाल्या." मी ते कन्नडमध्ये सांगितलं. म्हणजे खोटं मलाच दुसऱ्या भाषेत पुन्हा बोलावं लागलं.

तिने मान हलवली. "विजेने जळल्या असतील तर कठीण. चेन्नईला पाठवाव्या लागतील. तिथे डिस्क उघडतात. महिना लागेल, आणि मिळेलच असं नाही." सूनबाईला तेवढं कन्नड कळलं. तिचा चेहरा पाहवत नव्हता.

आणि त्या बाईने पहिल्या दरवाजाकडे बोट नेलं. आत काय आहे ते मला ठाऊक होतं. दरवाजा बाहेरून पुसता येतो, पण डिस्कच्या अंगावरचं कुंकू तसंच होतं. तेव्हा मी बोलले ते प्रामाणिकपणाने बोलले असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. आता पकडली जाणार म्हणून बोलले.

"थांब अव्वा," मी म्हटलं. "लाइट गेली नव्हती. मी काढल्या. चारही. पेटी चालू होती."

हे मी कन्नडमध्ये म्हणाले. मग सुनेकडे वळून मराठीत पुन्हा म्हणाले. तिने मान फिरवली आणि पेटीच्या टॉवेलाची घडी घालायला लागली. ते मला जास्त लागलं.

दुकानातली बाई मात्र एकदम पुढे सरसावली. "जळल्या नाहीत? ओढल्या? अज्जी, हे आधी सांगायचं! ओढलेल्या असतील तर जोडता येतील. पण नीट आठवा, पहिली कुठली काढली?"

"त्याने काय होतं?"

"पहिली निघाली तेव्हा उरलेल्या तीन चालूच होत्या, पुढचं लिहीत होत्या. तिच्यातलं शिळं आहे. दुसरी निघाल्यावर सगळंच थांबलं. शिळी बाजूला ठेवून त्या तिघी जोडायच्या. चुकून शिळी धरली तर आहे तेही बिघडेल."

आणि मी तर त्या हाताला येतील तशा परत सारलेल्या. तिने चारही बाहेर काढून टेबलावर मांडल्या. चौघी सारख्या, चौघींच्या अंगावर कुंकू. सूनबाई पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "आई, आठवा. प्लीज. घाई नको."

मी डोळे मिटून हात हवेत फिरवला. उजवीकडून सुरुवात, ते नक्की, पूजा उजवीकडून. पण उजवीकडची यातली कोणती? मग बोट आठवलं. ओलं कुंकू एकदाच बोटावर घेतलं होतं, वाटी लांब होती आणि उठायचा कंटाळा केला होता. काढल्या त्याच क्रमाने लावत गेले होते, म्हणून पहिलीला भरपूर लागलं, मग कमी, मग आणखी कमी, चौथीला नुसती गुलाबी छटा. मी डोळे उघडून पाहिलं. एकीवर चांगला रुपयाएवढा ठसा होता.

"ही."

"नक्की?"

"नक्की. आळशी बाईचा हात आहे तो."

तिने ती बाजूला सारली, बाकीच्या स्पिरिटने पुसून आपल्या यंत्राला जोडल्या. मग वाट पाहणं. पडद्यावर अक्षरं धावत होती, थांबत होती, पुन्हा धावत होती. कोणी कॉफी आणली, ती गार झाली. सूनबाईने माझा पदर मुठीत धरला होता, तिला कळलं नसावं. मीही हलले नाही. हलले असते तर सोडला असता.

कप्प्यांची नावं एकेक करून वर आली. आधी माझी भजनं. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. मग मुलाचं सामान. मग तिचं. तिने लग्नाचा कप्पा उघडला, एक चित्रफीत लावली. मुलगी हसत होती, डोक्यावर अक्षता पडत होत्या, वाजंत्री कर्कश. सूनबाईने दुसरी लावली, तिसरी लावली. पंगतीतल्या दोन उघडल्या नाहीत. बाकी सगळं होतं.

खाली रस्त्यावर आलो. रिक्षा थांबवायला सूनबाईने हात केला आणि अर्धवट खाली घेतला. माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, लग्न मिळालं म्हणून बोलतेय. नसतं मिळालं तर तुम्हालाच बाशिंग बांधून सगळं परत शूट केलं असतं मी, आणि पाठवणीला रडायला आले नसते."