आईचे ओठ

उदबत्तीचा धूर आणि तापलेल्या संगणकाचा वास एकत्र आला की मला साकोलीचा ॲनिमेशनचा क्लास आठवतो. तिथे मी आवाजावर चित्रातले ओठ हलवायला शिकत होतो. एकदा आई अड्याळहून डबा घेऊन आली, तेव्हा सरांनी तिलाच माइकसमोर बसवले. "मी काय बोलू?" म्हणत ती लाजली आणि मग रोजचेच बोलली, "जेवला का रे, का उपाशीच बसून राह्यला?" त्या वाक्यावर मी तिचा चेहरा काढला, अक्षरागणिक ओठांचे आकार बसवले. पुढच्याच महिन्यात आई गेली. पंधरा दिवसांनी घरी पेनड्राइव्ह लावला, तर तिचे ओठ हलत होते आणि आवाज नव्हता. चित्रे मी आणली होती, आवाजाची फाइल क्लासमध्येच राहिली होती. सकाळची पहिली बस धरून मी साकोली गाठले. सर संगणकांना उदबत्ती ओवाळत होते. "कालच सारे फॉरमॅट मारले ना बा. आधी काहून नाही सांगितलं?" तरी दुपारपर्यंत मी एकेक संगणक उघडून रिकाम्या फोल्डरांत ती फाइल शोधत बसलो. घरी आल्यावर लॅपटॉप बाबांपुढे ठेवला. बाबांनी चष्मा पुसून त्या ओठांकडे पाहिले आणि हळूच म्हणाले, "हो वं, जेवलो आम्ही." सकाळचा भात चुलीवरच्या गंजात तसाच होता. आजही मी ते चित्र उघडतो. ती विचारते, आणि मी ताट वाढून घेतो.