बिनबॅजवाली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. म्हणजे — अर्धं सांगितलं आहे. अर्धं तर इतक्या वेळा सांगितलंय की आमच्या घरी ते सगळ्यांना पाठ आहे. पाहुणे आले की धाकटा दीर मुद्दाम विषय काढतो, मी रंगवून सांगते, सगळे हसतात. उरलेल्या अर्ध्यापाशी गोष्ट आली की मी चहा टाकायला उठते. तुम्हाला आज पूर्ण सांगते. चहा टाकायला उठणार नाही.

मी बेंगळुरातल्या एका खासगी हॉस्पिटलात वॉर्डची इनचार्ज सिस्टर आहे. आमचं घर चामराजपेटेत. पिढ्यान्‌पिढ्या इथलेच आहोत आम्ही, घरात मराठी बोलतो आणि भांडण झालं की कन्नडवर येतो. वॉर्डात सगळे मला अक्का म्हणतात. मला ते फार आवडायचं. थोरली बहीण म्हणवून घ्यायला काय लागतं? काहीच नाही.

आमच्याकडे नर्सिंग पास झालेल्या नव्या मुली येतात. त्यांना आम्ही व्हॉलंटियर म्हणतो. ऐकायला छान वाटतं, नाही? पगार नाही. उलट ट्रेनिंगची फी त्यांनीच भरायची, आणि मग इतर सिस्टरांइतकंच राबायचं — सलाइन, ड्रेसिंग, बेडपॅन, सगळं. शेवटी अनुभवाचं सर्टिफिकेट मिळतं. त्याच्याशिवाय बाहेर कुणी दारात उभं करत नाही. त्यांचा गणवेश आमच्यासारखाच पांढरा, फक्त छातीवर नावाची पट्टी नाही. म्हणून वॉर्डात त्यांना बिनबॅजवाल्या म्हणत. हे नाव मीच पाडलं. मला त्या वेळी ते विनोदी वाटलं होतं.

मीही तरुणपणी अशीच फुकट राबले होते. मग मला त्यांची कणव यायला हवी होती, असं तुम्ही म्हणाल. पण तसं होत नाही हो. मी सोसलं, तुम्हीही सोसा — असंच वाटतं. मला तरी तसंच वाटायचं.

शुभांगी निपाणीची. आई विड्या वळायची, फीचे पैसे तिने भिशीतून उचलले होते. पहिल्या दिवशी मला मराठी बोलताना ऐकून या मुलीचा चेहरा असा खुलला, की मला संकोच वाटला. "अक्का, तुम्ही आपल्यातल्या!" म्हणाली. त्या दिवसापासून ती माझ्या मागे-मागे. आणि मी? मी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. "शुभा, एवढं करतेस का गं" असं मराठीत म्हटलं, की ती जेवणाच्या सुट्टीतही उठायची. तिचा हात फार चांगला होता. एक सांगून टाकते — माझ्याहून चांगला होता. पेशंट तिचं नाव घेऊन बोलवायचे आणि मला ते खुपायचं.

आता ती पाठ झालेली अर्धी गोष्ट.

हॉस्पिटलला मान्यता देणारी समिती तपासणीला आली की बिनबॅजवाल्यांना लपवावं लागायचं, कारण कागदोपत्री त्या नव्हत्याच. पण घरी पाठवून कसं चालेल? त्यांच्याशिवाय वॉर्ड चालतच नसे. म्हणून आमच्याकडे एक पद्धत होती. त्या दिवशी मुलींनी साधे कपडे घालून यायचं आणि पेशंटच्या शेजारी नातेवाईक म्हणून बसायचं. "इवत्तु नेंटरु," असं मी सकाळी जाहीर करायचे — आज तुम्ही पाहुण्या. मग कुणाला सून करायचं, कुणाला पुतणी, हे मीच ठरवायचे. मुली खिदळायच्या. पेशंटच्या कुरबुरींवर लक्ष ठेवायचं, पण कशाला हात लावायचा नाही, फक्त बेल दाबायची.

त्या वेळी रामय्या नावाचे एक म्हातारे आमच्याकडे होते. त्यांच्या गळ्याला भोक पाडून श्वासासाठी नळी बसवली होती. त्या नळीत कफ अडकला की मशिनने ओढून काढावा लागतो, नाहीतर माणूस गुदमरतो. ते काम रोज शुभांगी करायची, म्हणून मी तिला त्यांची नात केलं. तिने हिरवा पंजाबी ड्रेस घातला होता, इस्त्री केलेला.

समिती वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला होती आणि आम्ही सगळ्या सिस्टर त्यांच्याभोवती. रामय्यांची नळी तुंबली. बेल वाजली. मी ऐकली. पुन्हा वाजली. समितीसमोरून हलायचं कसं, म्हणून मी हलले नाही. वळून पाहिलं तेव्हा शुभांगीने हातमोजे चढवले होते, मशीन सुरू केलं होतं, आणि सराईतपणे कफ ओढत होती. म्हाताऱ्यांचे निळे ओठ परत माणसासारखे झाले.

समितीतल्या बाई तिच्याजवळ गेल्या. "ही कोण?"

शुभांगीने माझ्याकडे पाहिलं. घाबरली होती, आणि घाबरल्यावर माणूस घरच्या भाषेत बोलतो. "अक्का," ती म्हणाली, "अक्का, सांगा ना —"

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि कन्नडमध्ये म्हणाले, "सुम्निरम्मा. ताता चेन्नागिद्दारे." गप्प राहा गं, आजोबा आता बरे आहेत. मग बाईंकडे वळून सांगितलं, "पेशंटची नात आहे, मॅडम. घरी गेल्यावर अडायला नको म्हणून आम्ही नातेवाइकांना हे शिकवून ठेवतो." बाई खूश झाल्या. नातेवाइकांना इतकं उत्तम शिकवणारं हॉस्पिटल आपण पाहिलं नाही, म्हणाल्या. शुभांगी तिथेच उभी होती, हातात मोजे तसेच. निपाणीच्या मुलीला कन्नड समजतं. तिला सगळं समजलं.

घरी हे सांगितलं तेव्हा दीर म्हणाला, "वहिनी, तुम्ही नाटकात जायला हवं होतं." मीही हसले. बघा, एक मुलगी एका माणसाला मरणातून ओढून काढते, आणि आमच्या घरी त्याची गोष्ट माझ्या हजरजबाबीपणाची होते!

पुढचं घरी ठाऊक नाही. समितीने तिचा चेहरा नात म्हणून पाहिला होता, आणि समिती पुन्हा येणार होती. वरून निरोप आला — त्या मुलीला कामावरून थांबवा. मीच थांबवलं. फी परत नाही. सर्टिफिकेटही नाही, कारण ते दिलं तर ती इथे काम करत होती हे आम्हीच लिहून दिल्यासारखं झालं असतं. हे मी तिला पॅन्ट्रीत उभ्या-उभ्या सांगितलं. ती भांडली नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. "मग अक्का," ती म्हणाली, "कुठे नोकरी बघितली तर तुमचं नाव देऊ?"

"दे की," मी म्हणाले.

हे तिने खरं धरलं. माणसं धरतात.

काही दिवसांनी तिचा मेसेज आला. येलहंकाच्या एका हॉस्पिटलात मुलाखत छान झाली, सर्टिफिकेट नसलं तरी चालेल म्हणाले, फक्त तुम्हाला फोन करून विचारतील. खाली हात जोडलेले.

रविवार होता. मी घरी अवरेकाळू सोलत बसले होते. थंडीत आमच्याकडे हे वाल भिजवून, एकेक दाणा चिमटीत दाबून सालातून काढतात. बोटं बुळबुळीत होतात. म्हणून फोन मी स्पीकरवर घेतला. घरात दुसरं कुणी नव्हतं. पलीकडच्या बाई सभ्य होत्या. शुभांगी चौगुले तुमच्या वॉर्डात होती का, काम कसं आहे, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

आणि मी म्हणाले, "गोत्तिल्ल. आ हेसरिनवरु नम्मल्लि यारू इरलिल्ल." माहीत नाही. त्या नावाचं आमच्याकडे कुणी नव्हतं.

मला कुणी धमकावलं होतं का? नाही. त्या बाई समितीतल्या नव्हत्या, माझी नोकरी जाणार नव्हती. मग का म्हणाले? भीती वाटली असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण भ्याले असते तर हात थांबले असते — आणि माझे हात तर वाल सोलत होते. खरं सांगू? एकदा बोललेलं खोटं पुन्हा बोलणं फार सोपं होतं. आणि आत कुठेतरी, त्या चांगल्या हाताच्या मुलीचं बरं होऊ नये असंही मला वाटलं. वाटलं, हे नक्की.

संध्याकाळी तिचा मेसेज आला. "अक्का, त्यांचा फोन आलता काय?" मी वाचला. उत्तर दिलं नाही. तिनेही पुन्हा विचारलं नाही.

रामय्या चालत घरी गेले. मला बढती मिळाली. बिनबॅजवाल्या अजून येतात, मी अजून त्यांना पाहुण्या करते. तिचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. मध्ये एकदा तिचा फोटो बदलला — कोरमंगलातलं मोबाइलचं दुकान, लाल टी-शर्ट, हसते आहे. छातीवर नावाची पट्टी आहे.

शुभांगी चौगुले आमच्याच वॉर्डात होती. काम फार चांगलं करायची. त्या बाईंना एवढंच सांगायचं होतं.