शेंगोळ्यात मीठ कधी?

बायको बाळंतपणाला माहेरी निघाली, तेव्हा तिच्या पाककृती मी नव्या डिजिटल डायरीत भरून घेतल्या. हुशारी अशी, की प्रत्येक पायरीची वेगळी नोंद केली. ते यंत्र सगळ्या नोंदी इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावून टाकतं, हे मला तिला सोडून नगरकडे परतताना एसटीत कळलं. माझ्या कुळथाच्या शेंगोळ्यांत कोथिंबीर आधी पडत होती आणि तेल सर्वांत शेवटी तापत होतं. त्यात "जावयाला सगळं जमतंय" अशी फुशारकी मारून मी त्याच संध्याकाळी, कामाने नगरला आलेल्या सासऱ्यांना जेवायला बोलावलेलं!

शेजारी घोडेगावच्या बाजारात बैल विकून निघालेले एक आजोबा होते. बैल दिला तरी त्याच्या गळ्यातलं दावं देत नाहीत. ते रिकामं दावं मांडीवर घेऊन आजोबा कुरवाळत होते.

"काय हरवलं, पाव्हणं?"

मी सांगितलं. त्यांनी दाव्याला एकेक गाठ मारत क्रम लावायला घेतला.

"पैलं त्याल. मंग लसून. मंग पानी. आन् मीठ?"

डायरीत मीठ नव्हतंच.

"तुमच्याकडे कधी घालतात?" मी विचारलं.

आजोबांनी पुढची गाठ अर्धीच सोडली. "जल्मभर चुलीम्होरं बसून जेवलो. ती कवा घालायची, बगितलंच न्हाई. आता इचारू कुनाला?" मग माझ्यावरच डाफरले, "तुमची हाय न्हवं? मंग त्या डबड्याला काय पुसता?"

उतरताच मी एसटीडी बूथ गाठला.

"दुपारी जेवलात का?" बायकोनेच आधी विचारलं. मग आम्ही इतकं बोललो, की मीठ राहूनच गेलं.

रात्री सासऱ्यांनी मीठ ताटात वरून घेतलं.