यंत्रानं मारलेला म्हातारा

त्या काळी लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले होते आणि प्रत्येक आईबापाला घरात एक डॉक्टर हवा होता. मीही त्या क्लासांना बसलो, पण मार्क माझ्याकडे फिरकले नाहीत. मग फिजिक्सच्या एका क्लासच्या माडीवर मी कॉम्प्युटर क्लास काढला. दोन कॉम्प्युटर, त्यांना फुलाफुलांचे अभ्रे, आणि दारात पाटी : 'चपला बाहेर काढाव्यात.' लोक देवळात शिरावं तसे पाय पुसून आत येत. त्यामुळे मला जरा जास्तच चढली होती.

निलंग्याकडचं एक गाव भूकंपात जमीनदोस्त झालं होतं. ते पत्र्याच्या शेडमधून नव्या घरांत गेलं आणि ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. तिथले एक निवृत्त गुरुजी मतदार यादी आणि एक वही घेऊन माझ्याकडे आले. भूकंपात गेलेल्यांची नावं त्यांनी घरोघरी फिरून वहीत लिहिली होती.

"आमच्याकडं मेलेली माणसं अजून मतदान करायलीत," गुरुजी म्हणाले. "तुमच्या यंत्राला काही जमतंय का बघा."

मला हर्षवायूच व्हायचा बाकी राहिला. तोवर माझ्या प्रोग्रामांनी फक्त खालच्या क्लासमधल्या पोरांचे मार्क क्रमानं लावले होते. आता मी लोकशाहीची धुणीभांडी करणार होतो. दोन्ही याद्या टाइप केल्या. नाव, बापाचं नाव आणि आडनाव जुळलं की माणूस मेलेला, असा प्रोग्राम लिहिला. वहीत वयाचाही रकाना होता. तीन गोष्टी जुळल्यावर चौथी कशाला, असं म्हणून तो मी सोडून दिला. खरं म्हणजे टाइप करायचा कंटाळा आला होता.

यंत्रानं पटापट नावं काढली. गुरुजींनीही ती पुन्हा तपासली नाहीत. कॉम्प्युटरनं छापलेल्या कागदावर संशय घेणं त्यांना उद्धटपणाचं वाटलं. त्यांनी हरकत दाखल केली आणि नावं यादीतून गेली.

काही दिवसांनी एक म्हातारा माडी चढून आला. डोक्याला पटका, चपला पायातच.

"मला मारनारा तूच का?" त्यानं विचारलं.

आमच्याकडे आजोबाचं नाव नातवाला ठेवतात. त्यामुळे एक पिढी सोडून नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं तेच येतं. माझ्या स्वतःच्या घरात तसंच आहे. हे न सुचायला मी काही अमेरिकेत वाढलो नव्हतो, निव्वळ गाढव होतो. वहीतला मेलेला होता तो ह्याचा नातू. मी आजोबाला उडवलं होतं.

"किती वर्षांचा होता?" मी विचारलं.

"आठ. तुमच्या यादीत त्यो कवाच नव्हता. यादीत म्या हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाव परत घालायला दोन दिवस उरले होते. अर्ज मीच भरून देतो, म्हणालो, आणि वर अक्कल पाजळली, "तसं एका मतानं काय फरक पडतो म्हणा, आजोबा."

"मत तर म्या देनारच हाय," तो म्हणाला. "पर सून माझं नाव घेत न्हाई, म्हून पोराला घरात समदे बापूच म्हनायचे. आता तर त्ये नाव कुनीच काढत न्हाई. मतदानाला गेलं की तिथला सायब समदं नाव मोठ्यानं वाचतो. तेवढंच पोराचं नाव कानावर पडतं."

त्या दिवशी क्लासला सुट्टी दिली आणि वयाचा रकाना टाइप केला. आणखी दोन आजोबा जिवंत निघाले. गुरुजींना घेऊन तिघांचेही अर्ज मी स्वतः देऊन आलो, आणि नावं परत लागेपर्यंत मला धड जेवण गेलं नाही.

मतदानाच्या दिवशी गुरुजी आत एजंट म्हणून बसले होते. पुढचं मला त्यांनीच सांगितलं. बायकांच्या रांगेत म्हाताऱ्याची सून उभी होती. अधिकाऱ्यानं म्हाताऱ्याचं पूर्ण नाव वाचलं. म्हातारा जागचा हलला नाही.

"ऐकू आलं न्हाई, सायब," तो म्हणाला. "पुन्यांदा वाचा."

म्हातारा बहिरा नाही, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. अधिकाऱ्यानं पुन्हा वाचलं, आधीपेक्षा मोठ्यानं.